पुलपिटाची पायरी

पुलपिटाची पायरी बाईने चढायची नाही, आणि का ते विचारायचं नाही. संडे स्कूलमध्ये दहा आज्ञांच्या आधी मला हा नियम पाठ झाला. पुलपिट म्हणजे पाळक जिथे उभं राहून संदेश देतात तो लाकडी मंच. त्याला पायरी एकच, पण तिच्याभोवती आमच्या चर्चमध्ये इतके किस्से साठलेत की उपासनेनंतर चहाच्या वेळी एकाने सुरुवात केली की पुढचा लगेच तयार असतो. लोक हसतात. माझी मान खाली जाते, कारण बहुतेक किश्शांमध्ये माझे पप्पा कुठेतरी कडेला उभे असतात. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी ते एक.

* * *

नियमाचे राखणदार म्हणजे रत्नाकरकाका, सगळ्यात ज्येष्ठ पंच. राहायला शनिवार पेठेत, त्यामुळे पेशवाईवाचून त्यांचं वाक्य पुरं होत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं, "काका, हा नियम बायबलमध्ये कुठे आहे?"

"पेशवाईपासूनची रीत आहे ही."

"पण आपलं चर्च पेशवाई बुडाल्यावर मिशनऱ्यांनी बांधलं ना?"

"इतिहास कॉलेजात ठेवायचा. इथे उपासना असते."

पप्पा शेजारीच होते. त्यांनी घड्याळात पाहिलं.

* * *

शनिवारी महिला मंडळाच्या बायका चर्च साफ करतात. एकदा मी आत शिरले तर मम्मी पदर खोचून थेट पुलपिटावर, हातात ओलं फडकं. तेवढ्यात काका फुलांची व्यवस्था बघायला आले.

मी मुद्दाम म्हटलं, "काका, मम्मी वर चढलीये."

"आज शनिवार आहे," काका शांतपणे म्हणाले. मग मम्मीला म्हणाले, "ताई, मागचा कोपरा राहिला बघा."

मम्मीने मागचा कोपराही पुसला. मला इतकी लाज वाटली की फुलदाणीत पाणी भरायचं निमित्त करून मी बाहेर गेले.

* * *

मग पंचांनीच तरुण संघाला बायबल स्टडीचा विषय दिला: मंडळीत स्त्रीचं स्थान. मुली फार प्रश्न विचारतात, एकदाचं उत्तर मिळून जाऊ दे, असा विचार असावा. तयारी मी करायची, वाचणार मात्र विनय. तो माझ्याच वर्गातला, स्वभावाने गरीब.

विनयने माझे मुद्दे चांगले वाचले. बायबलमध्ये पौल करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो की बायांनी सभेत गप्प राहावं. पण त्याच पत्रात तो आधी सांगतो की प्रार्थना करताना आणि संदेश सांगताना बाईने डोकं झाकावं. गप्पच बसायचं असेल, तर बोलताना डोकं झाकण्याचा नियम कशाला?

काकांनी हात वर केला. "मग पौलानेच तीमथ्याला लिहिलेल्या पत्राचं काय? बाईने शिकवू नये, असं तिथे स्पष्ट आहे."

विनयने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणाले, "ते पत्र इफिसच्या मंडळीतल्या अडचणींबद्दल आहे. आणि त्याच इफिसमध्ये प्रिस्किल्लाने नवऱ्याबरोबर बसून अपुल्लोससारख्या विद्वानाला शिकवलं होतं."

विनयने ते मोठ्याने म्हटलं. काकांनी पुढचा प्रश्न विचारला, मी पुटपुटले, विनय बोलला. असं बराच वेळ चाललं. सगळ्यांना माझा आवाज ऐकू येत होता.

शेवटी काका उठले आणि म्हणाले, "विनय, अभ्यास दांडगा आहे हो तुझा."

विनय घरी जाईपर्यंत माझ्याकडे बघत नव्हता.

* * *

आमच्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, त्याच धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकल्या जिथे साहेब शिकले. परीक्षेत पहिल्या त्या आल्या, हे साहेब स्वतः सांगतात, पण घरी. रविवारी साहेब पुलपिटावरून संदेश देतात आणि बाई पहिल्या बाकावर बसतात. नीट पाहिलं तर कळतं, बाईंचे ओठ साहेबांच्या अर्धं वाक्य आधी हलत असतात.

मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, संदेश तुम्ही लिहिता?"

"ते मोठ्याने वाचतात," बाई म्हणाल्या आणि चहाला आलं किसायला लागल्या.

* * *

लोणी काळभोरला एका घरी प्रार्थनासभा होती. आम्ही बायका बसने पुढे पोचलो. साहेब, काका आणि पप्पा मागून गाडीने येणार होते, ते हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. अंगणात माणसं केव्हाची येऊन बसलेली, पोरं पेंगायला लागली. घरची म्हातारी पाळकीणबाईंना म्हणाली, "तुमीच सांगा की दोन शब्द."

बाईंनी विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली, जिने घागर तिथेच टाकली आणि गावभर येशूची बातमी पोचवली. ओटा नव्हता, पायरी नव्हती. मागची पोरंसुद्धा सरकत सरकत पुढे आली.

शेवटचं गाणं चालू असताना गाडी आली. काकांनी चौकशी केली आणि म्हणाले, "ही सभा धरायची नाही. पुन्हा घेऊ."

आणि खरंच सगळी सभा पहिल्यापासून पुन्हा घेतली. तीच गाणी, तीच प्रार्थना, फक्त संदेश साहेबांचा. बाई म्हातारीशेजारी सतरंजीवर बसल्या. पप्पांनी गाण्यांची पुस्तकं परत वाटली. कुणाच्या तोंडाकडे बघायची सोय उरली नव्हती.

म्हातारी काकांना म्हणाली, "सायेब, देवानं मगाशीच आयकलं हाय. पर तुमचं चालू द्या."

* * *

यंदा ईस्टरच्या तोंडावर पाळकसाहेबांचा घसा बसला. डॉक्टरांनी महिनाभर तोंड उघडायला बंदी केली. साहेबांनी पाटीवर लिहून पंचांना विचारलं की संदेश पाळकीणबाई देऊ शकतील का. पंचांची बैठक साहेबांच्याच घरी भरली. मलाही बोलावलं. बाई चहा घेऊन आल्या आणि ट्रे धरून दारातच थांबल्या.

"संदेश मी देईन," रत्नाकरकाका म्हणाले. "मुद्दे बाई लिहून देतील. आणि शास्त्रपाठ यंदा तू वाचायचास, मुली. खाली उभं राहून. म्हणजे बायकांची तक्रार राहणार नाही."

"हो म्हण," पप्पा हलकेच म्हणाले. "एवढं तरी मिळतंय."

"पाठ कुठला?" मी विचारलं.

"लूक, चोविसावा अध्याय. पुनरुत्थान."

टेबलावरचं बायबल मी उघडलं आणि नजर फिरवली. पहाटे बाया कबरेपाशी जातात. ती रिकामी असते. येशू उठला आहे, ही बातमी सगळ्यात आधी त्यांना मिळते. त्या धावत येऊन प्रेषितांना, म्हणजे येशूच्या पुरुष शिष्यांना, सांगतात. प्रेषितांना ती बडबड वाटते, ते विश्वास ठेवत नाहीत.

मी बायबल काकांच्या पुढे सरकवलं.

"मी वाचणार नाही, काका. बाई बोलणार असतील तर वाचेन. नाहीतर हा पाठ तुमच्यापैकीच कुणीतरी वाचा. बायांनी सांगितलं ते आम्हाला बडबड वाटलं, हे पुरुषाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं बरं."

काकांनी बायबलकडे पाहिलं. पप्पांनी या वेळी घड्याळात पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बाई ट्रे धरून तशाच उभ्या होत्या.

पाळकसाहेबांना डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं. बाकीच्यांना काय झालं होतं, कोण जाणे.