निकालाआधीचे पेढे

रविवार, १ जून १९६९. रक्कम अठरा रुपये, दोन किलो पेढ्यांची. हजर: मी, माझी बायको, चिंचवडच्या बाजारातला हलवाई आणि पैसे देणारे आमचे थोरले मेव्हणे. निमित्त, मला कंपनीच्या कॉलनीत ब्लॉक मिळाला, हे. ब्लॉक मिळालेला नव्हता. आदल्या दिवशी मी फक्त अर्ज दिला होता. दापोडीपासून चिंचवडपर्यंत कसल्या ना कसल्या निकालाची वाट पाहत हजारो माणसं राहत असतील. पण निकालासाठी न थांबता आनंद करून मोकळा होणारा माणूस त्या सगळ्या पट्ट्यात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा भाऊ होता. ब्लॉक मला तीन वर्षांनी मिळाला. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागे, त्यामुळे त्याचे पेढे आम्ही तीनदा खाल्ले.

बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादा म्हणे. मुलांचे ते मामा, आणि मुलांमुळे सगळ्या कॉलनीचे मामा. दापोडीला राहत, तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. त्यांचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असे. बिघडलं म्हणून नव्हे, त्यांनीच तसं लावलेलं. गणपतीत त्यांचा स्वेटर बाहेर निघे, दिवाळीची भेटकार्डं दसऱ्याला येत, आणि लग्नाला बोलावलं तर मांडववाल्याला खांब धरायला यांचीच मदत होई. शेजारणीचे दिवस भरले तेव्हा त्यांनी आदल्या दिवशीच अर्धा किलो पेढे आणि अर्धा किलो बर्फी वाटली. मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी, पण आधी दोन्ही कशी, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दाजी, मूल होणार हे नक्की आहे ना? बाकी तपशील." त्यांची थोरली मॅट्रिकला बसली, तिचे पेढे शेवटचा पेपर सुटताच वाटून झाले. ती गणितात राहिली. लोकांनी टोमणे मारले, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "पेढे तिच्या अभ्यासाचे होते, गणिताचे नव्हते." एकदा बोनसची बोलणी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी कारखान्याच्या गेटवर पेढे वाटले. युनियनचा पुढारी कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, साहेबानंही एक खाल्ला. आता मी आत जाऊन मागू काय?"

असा माणूस असल्यामुळे आमच्या अविनाशने खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीसाठी अर्ज केला, तेव्हा मी बायकोला सांगून ठेवलं, की पेढ्यांना डबा रिकामा ठेव. मामांचा उत्साहही तसाच होता. पहाटे दापोडीहून येऊन पोराला कासारवाडीकडे पळायला न्यायचे. अवी पळत, मामा सायकलवर आणि अर्थातच पुढे. ठरल्या जागी आधी पोचायचे आणि अवी दिसायच्या आतच टाळ्या वाजवायला लागायचे. लेखी परीक्षा तो पास झाला. मग भोपाळला पाच दिवसांची मुलाखत, तीही पार पडली. डॉक्टरांनी एका दाढेत चांदी भरून आणायला सांगितलं, ती भरली. राहिली फक्त शेवटची यादी. सगळं पास झालेल्यांचीही गुणांप्रमाणे यादी लागते, आणि जागा संपल्या की खालची मुलं तिथंच थांबतात. अवीला थांबायला जागा नव्हती. पुढच्या परीक्षेपर्यंत त्याचं वय उलटत होतं.

दिवस जाऊ लागले. मामा येत, चहा घेत, अवीच्या पाठीवर थाप मारत आणि रिकाम्या हाताने परत जात. पहिल्या आठवड्यात आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी बायकोला विचारलं, "मामांनी अजून पेढे नाही आणले? काही कळलंय का त्यांना?" कॉलनीत हळूहळू तेच बोललं जाऊ लागलं. ज्या माणसाने न मिळालेल्या ब्लॉकचे पेढे तीनदा वाटले, तो या वेळी गप्प आहे म्हणजे पोराचं काही खरं नाही. माझा शकुनावर विश्वास नाही. पण माझ्या कंपनीत मी अवीसाठी अप्रेंटिसची जागा बोलून ठेवली होती आणि त्या सोमवारी सह्या करायच्या होत्या. सही केली की तीन वर्षांचा बाँड. सही नाही केली तर जागा दुसऱ्याची.

रविवारी मी सायकल काढली आणि दापोडी गाठली. मामा उंबऱ्यात बसून स्टोव्हला पिन करत होते.

"दादा, पेढे कुठं आहेत?"

"कसले?"

"अवीचे."

"लागू द्या की निकाल."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी पायरीवरच बसलो. म्हटलं, "खरं सांगा, तुम्हाला काही कळलंय?"

"मला कोण सांगतंय? मी स्टोअरमध्ये नटबोल्ट देणारा माणूस." त्यांनी पिन खाली ठेवली. "दाजी, आजवर वाटले ना, ते नाही झालं तरी चालेल अशा गोष्टींचे वाटले. तुमचा ब्लॉक, आमचा बोनस, थोरलीचं गणित. आज नाही तर उद्या. हे नाही झालं तर मला चालणार नाही. मग आधी तोंड गोड कसं करू?"

आतून मामी म्हणाल्या, "जेवणावर लक्ष नाही की कशावर नाही. घड्याळसुद्धा मागं करून बरोबर लावलंय. म्हणतात, उगाच पुढं जायला नको."

मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. त्यांचं घड्याळ आणि माझं घड्याळ एकच वेळ दाखवत होतं. मला त्या माणसाची इतकी काळजी कधी वाटली नव्हती.

"मग उद्या सही करू द्यायची का त्याला?" मी विचारलं.

"हिशेबी माणूस तुम्ही. पण पोराला विचारून हिशेब करा."

घरी येऊन विचारलं. अवी म्हणाला, "बाबा, सही नाही केली आणि नावही नाही आलं, तर?"

"तर घरी बसशील."

"बसेन," तो म्हणाला आणि बूट घालून पळायला गेला.

सोमवारी मी त्याला सही करायला पाठवलं नाही. आयुष्यात मी पत्करलेला एवढा एकच धोका, आणि तो पत्करून मी दिवसभर बेरजा चुकवल्या.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ऑफिसातल्या इंग्रजी पेपरात यादी आली. मी पट्टी लावून एकेक ओळ खाली आलो. अवीचा नंबर होता. चांगला वरच्या भागात होता. मी त्याचा एकेक आकडा जुळवला, मग शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला जुळवायला लावला, मग साहेबांना. साहेब म्हणाले, "अहो, आहे. आता घरी जा." रजेचा अर्ज न देता मी पहिल्यांदाच ऑफिसातून बाहेर पडलो. कॉलनीत शिरेपर्यंत बातमी माझ्या पुढे गेलेली होती. पोरांनी अवीला खांद्यावर घेतलं होतं, कुणीतरी थाळीवर पळी बडवत होतं, आणि खालच्या वहिनी बायकोला सांगत होत्या, "मी म्हटलंच होतं."

मी सायकल तशीच दापोडीला हाणली आणि मामांना गेटवर बोलावून घेतलं. ते हात पुसत आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी ओढली, आणि काटे वीस मिनिटं पुढे सरकवले.

"चला," म्हणाले, "उशीर झाला."

हलवायाकडे मी पाच किलो सांगितले आणि पाकीट काढलं. हलवाई हसला. "पाच किलोचे सत्तर रुपये मामांनी कधीच दिलेत. पोराला भोपाळच्या गाडीत बसवून थेट इथंच आले होते. दर शनिवारी येतात आणि सांगतात, अजून बनवू नको." मी मामांकडे पाहिलं. ते बरणीतली शेव न्याहाळत होते. त्या दिवशी त्यांनी कॉलनीत, गेटवर, बसच्या कंडक्टरला आणि ज्यांची अप्रेंटिसची जागा आम्ही सोडली त्या साहेबांनाही पेढे दिले. साहेबांना दोन दिले.

अवी आता कॅप्टन आहे, सरहद्दीवर कुठेतरी. मामा गेल्या मार्गशीर्षात गेले. पेन्शनला दोन वर्षं होती. तिथंही लवकर निघाले. त्यांच्या धाकटीने बँकेची परीक्षा दिली आहे, निकाल गुरुवारी आहे. पोरगी दापोडीच्या घरात गप्प बसून असते, असं बायको सांगत होती.

रविवार, ६ फेब्रुवारी १९८३. हजर: मी आणि माझी बायको. म्हातारा हलवाई आता दुकानात येत नाही, मुलगा बसतो. त्याने पुडा बांधता बांधता विचारलं, "काका, कसले पेढे?"

"आमच्या भाचीच्या निकालाचे."

"लागला?"

"लागेल."

एक किलोचे अडतीस रुपये, रोख, हलवायाच्या मुलाला दिले, आणि आम्ही दापोडीची बस धरली.