नवमीची फुलं

मोठ्या आईला स्वतःचं वय माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर ती माझ्या वडिलांकडे बोट दाखवायची. "विहिरीला पाणी लागलं तवा हा पोटात होता. आता काढा तुमचं तुम्ही."

ती वडिलांची आई. नाशिक शहर संपतं तिथे आमचा मळा होता. त्यात झेंडू, शेवंती आणि बांधाच्या कडेने थोडा गुलाब. ती लग्न होऊन आली तेव्हा फुलं डोक्यावरच्या पाटीतून बाजारात जायची, नंतर सायकलवरून, नंतर टेम्पोतून. आजोबा फार लवकर गेले. त्यांच्याबद्दल ती बोलत नसे. पण त्यांनी लावलेल्या शेवंतीचे फुटवे दरवर्षी जपून पुन्हा त्याच वाफ्यात लावायची, आणि तो वाफा दुसऱ्या कोणाला खुरपू द्यायची नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोलायचं नाही आणि इंग्रजी बोलायची भीती, म्हणून गप्प राहायची सवय लागली, ती घरीही सुटली नाही. मोठी आई विचारायची, "त्या शाळेत बोलायचे पैसे वेगळे पडतात का गं?" मी हसायचे. संध्याकाळी आम्ही शेजारी बसून हार करायचो. माझा हार सैल व्हायचा. ती काही न बोलता तो सोडायची आणि परत ओवायची. दोघींच्या वाटचं बोलणं ती एकटीच बोलायची.

तिचा एक नियम होता. घरात सुतक असलं की आमची फुलं मळ्याबाहेर जायची नाहीत, कारण ती कोणाच्या तरी देवावर चढणार असतात. मी सातवीत असताना गणपतीच्या तोंडावर चुलत आजोबा वारले. झेंडू ऐन भरात होता. शेजारच्या मळ्यातल्या काकू म्हणाल्या, "मोठ्या आई, घेणाऱ्याला काय कळतंय?"

"नाय कळत, म्हणून तर पाळायचं," ती म्हणाली. "कळत असतं तर त्यानंच पाळलं असतं."

त्या वर्षी फुलं झाडावरच काळी पडली. वडील रोज बांधावर जाऊन बघून यायचे आणि जेवताना मान वर करायचे नाहीत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा घट बसले आणि मोठ्या आईने जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता वयच झालंय. अष्टमीच्या दुपारी तिने मला जवळ बोलावलं. उद्या नवमी, परवा दसरा. वर्षाची मोठी खुडणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

"मी गेले की रडत बसू नको," ती म्हणाली. "आधी मळ्यात जा. खुडलेलं ते खुडलेलं. पुढचं थांबव."

"असं काय बोलतेस, मोठी आई?"

"तुला सांगते कारण तू गडबड करणार नाय. तुझा बाप थांबायचा नाय आणि तुझ्या आईला रडू आवरायचं नाय. सांगशील ना?"

मी मान हलवली.

नवमीला उजाडायच्या आधीच सगळे मळ्यात उतरले. मी तिच्याजवळ थांबले. खुडायला लागले की निम्मी पानंच तोडते, असा माझा लौकिक होता. साडेसातच्या सुमारास तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "चहा कर. आलं टाक." कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. मी धावतच आत गेले. आलं जरा जास्तच किसलं. कप घेऊन आले तेव्हा ती गेलेली होती.

मी दारात आले. समोर पिवळ्या झेंडूत बायकांची वाकलेली डोकी दिसत होती. टेम्पोवाला ओरडत होता, "दादा, आटपा, बाजारात जागा मिळायची नाय!" वडील डोक्यावर क्रेट घेऊन चालले होते आणि त्याला उलट काहीतरी बोलून हसत होते. मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

मी परत आत आले. दार ओढून घेतलं.

वडिलांचा तो हसरा चेहरा पाहून मी गप्प बसले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते निम्मंच खरं आहे. एकदा हाक मारली की घर माणसांनी भरणार होतं, आणि मग ती सगळ्यांची होणार होती. मला ती थोडा वेळ माझी एकटीची हवी होती. मी तिचे हात सरळ केले. केस सोडून विंचरले, बारीकशी पांढरी वेणी घातली. बाहेर खुडणी चालूच होती. तिने विश्वासाने सोपवलेलं एकच काम मी बसल्या जागी मोडत होते.

दहा वाजता टेम्पो गेला. आई चिखलाच्या पायांनी आत आली. तिने मोठ्या आईच्या पावलाला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं, मग साय धरलेल्या भरल्या कपाकडे. तिने कप उचलला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला. आणि मग हंबरडा फोडला.

माणसं जमली तशी आईच सगळ्यांना सांगत होती, "टेम्पो गेला आणि मग गेल्या आत्याबाई."

"पुण्यवान बाई," बायका म्हणाल्या. "लेकाचा दसरा मोडू दिला नाही."

हे ऐकून तिला किती राग आला असता, ते मला ठाऊक होतं. वडिलांनी मात्र त्यानंतर एक फूल खुडू दिलं नाही. दहा दिवस उरलेला झेंडू वाळत राहिला. दसऱ्याच्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला हार होता. त्यातले आमचे कुठले, आणि त्यातलेही साडेसातनंतरचे कुठले, हे कोणाला सांगता आलं नसतं.

आईने मला कधी काही विचारलं नाही. थंडीत एकदा आम्ही दोघी ओट्यावर वालपापडी निवडत होतो. तेव्हा ती मान खाली घालूनच म्हणाली, "एक सांग. जाताना तू जवळ होतीस ना? एकट्या नव्हत्या ना?"

वेळ चोरल्याचं मी तिला त्या क्षणी सांगितलंही असतं. ते ती जाणूनच होती. पण तिने विचारलं ते हे.

"होते," मी म्हणाले. "हात धरून बसले होते."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून पुढची शेंग उचलली.