घरी उभ्या गाडीची पीयूसी

मंडळी, आज सकाळी कामावर जाताना सुप्यात पीयूसी काढायला थांबलो. धुराच्या तपासणीचा हा कागद नसेल तर पेट्रोल मिळणार नाही, अशी पाटी पंपावर लागलीय. म्हटलं, सरकारला हवेची काळजी आहे तर.

तपासणीच्या व्हॅनपाशी माझ्यापुढे एक शेतकरी काका होते. हातात नुसती नंबर प्लेट.

"काका, गाडी कुठंय?"

"घरी हाय. लई धूर सोडती, म्हनून आनलीच न्हाई. प्लेट तेवढी खोलून आनली."

व्हॅनवाल्याने ती प्लेट दुसऱ्याच गाडीमागे धरून फोटो काढला. दोन मिनिटांत काका पास.

माझं डोकं फिरलं. नंबर आल्यावर म्हणालो, "माझ्या गाडीला नळी घालून नीट तपासा."

"घालतो की," तो शांतपणे म्हणाला. "पन नापास झाली तर आधी गॅरेज, मग परत इथं. बघा."

मी घड्याळ पाहिलं. शिफ्टला वीस मिनिटं होती.

"राहू द्या. फोटोच काढा."

कागद आता खिशात आहे. न तपासलेल्या धुराचे आकडे त्यावर दशांशापर्यंत छापलेत. खरं सांगा, तुमच्या सायलेन्सरमध्ये नळी गेलेली तुम्ही कधी पाहिलीय?