कुशाबाईनं पदर खुर्चीला बांधला

कळसच्या कुशाबाईला बसलेली पाहिलेला माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. मी तिचा शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते पाहण्याइतकं गोड काम म्हातारपणी दुसरं नाही, त्यामुळं मी अधिकारानं सांगतो. ही बाई उभ्यानं चहा पिते, चालता चालता जेवते आणि बोलता बोलता तुमच्या अंगणातलं वाळवण उलथून जाते. डाळिंबाच्या बागेत मजुरांच्या पुढं, मयताला नातेवाइकांच्या पुढं. लग्नात तर नवऱ्याची आई कोण आणि ही कोण, हे पाहुण्यांना वरात निघेपर्यंत कळत नाही.

तिचा नवरा सावळाराम मात्र एकदा पारावर टेकला की उठवायला माणूस धाडावा लागतो. देवानं एका घरातली सगळी चाकं एकीलाच बसवली, असं मी त्याला एकदा म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "असू द्या तात्या. दोघंबी पळाया लागलो तर घरी कोण ऱ्हायाचं?"

तर ही कुशाबाई धरित्री महिला महासंघाच्या कळस शाखेची प्रतिनिधी. महासंघ देशभरातल्या खेड्यांतल्या बायकांचा. सभासद व्हायचं, महिन्याच्या बैठकीला जायचं आणि काही वर्षांनी एकदा राष्ट्रीय अधिवेशन भरतं तिथं आपल्या शाखेची बाई पाठवायची. प्रत्येक गावशाखेला एक मत. सुरुवातीला आम्ही पुरुषांनी पारावर बसून भरपूर चेष्टा केली. बायका रेल्वेनं फिरायला निघाल्या, येताना साड्या आणणार, बाकी काय, वगैरे.

मग मागच्या अधिवेशनात भलतंच झालं. कुशाबाईची सून रेश्मा लोणी देवकरच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. महासंघाचा नियम असा की, लागोपाठ तीन बैठका चुकल्या की सभासदत्व गेलं. रेश्माची कारखान्यातली पाळी आणि बैठकीची वेळ कधीच जुळेना. घरात सासू शाखेची पुढारीण आणि सून संघाबाहेर, ही आयती करमणूक आम्ही सोडतो काय! कुशाबाई भर अधिवेशनात उठली आणि म्हणाली, बैठक कारखान्याच्या सुट्टीला घ्या. तिकडं केरळची, बिहारची, कुठली कुठली बाई उठली. सगळीकडं तेच दुखणं. हात वर झाले आणि साऱ्या देशाचा नियम बदलला. घरात ट्रॅक्टर घेताना जिला रंगसुद्धा विचारला नव्हता, तिच्या एका हातानं देश हलला. तेव्हापासून बाईची चाल आणखी वाढली. आधी नुसती पळायची, आता कुठंतरी पोचायचं असल्यासारखी पळायला लागली.

यंदा मात्र वरून नियमात एक दुरुस्ती आली, अधिवेशनात मताला टाकायची. गावशाखांची मतं बंद. तालुक्याला एक पगारी संघटक असते, तिनंच सगळ्या गावांच्या वतीनं मत द्यायचं. कारण काय, तर माणसं फार होतात, सभा लांबते, कारभार सुटसुटीत व्हायला पाहिजे. इंदापूरची संघटक राजेश्वरी, पोरगी हुशार आणि गोड बोलणारी. ती शाखेत हे सांगायला आली तेव्हा खाली बघून बोलत होती म्हणे. "काकी, माझ्या हातात काय न्हाय. वरून ठरलंय." कुशाबाई त्या दिवशी आमच्या दारावरून सारखी जा-ये करत होती. विचारलं तर म्हणाली, "तात्या, हात तोडून घेतला तरी माणूस जगतं. पण मग जेवायचं कुणाच्या हातानं?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. उत्तराला थांबते ती कुशाबाई कसली!

अधिवेशन यंदा नेमकं बारामतीला आलं. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांच्या बायका यजमान. तयारीच्या बैठकीत केटररनं सांगितलं, वाढपी आमचे असतील. झालं, कुशाबाई उभी राहिली.

"देशातनं बाया आपल्या दारी येणार आणि त्यांच्या पानात भाड्याची पोरं वाढणार? मग आपण काय नुसतं हात पुसत उभं ऱ्हायाचं? एकेक शाखा एकेक पंगत घेईल. मी सांगते."

टाळ्या पडल्या. आमच्याकडं पाहुण्याला वाढणं हे देवाला नैवेद्य दाखवण्यासारखं, त्याला कोण नको म्हणणार? एकट्या रेश्मानं विचारलं की मतदानाचं काय? राजेश्वरी म्हणाली, जेवणं दुपारी, मतदान संध्याकाळी. मग कुणाला शंका राहिली नाही. यजमानीणबाईंच्या डोळ्यांपुढं खपली गव्हाची खीर उकळायला लागली होती.

अधिवेशन भिगवण रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. गावातल्या चार रिकाम्या म्हाताऱ्यांना बिल्ले लावून कामाला घेतलं, त्यात मला मिळालं सभागृहाचं दार. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, कुणाची साडी कुणासारखी, हे बघायचं आणि वर चहाही मिळायचा. असं पद मला जन्मात मिळालं नव्हतं.

रेश्माला सासू पुरती माहीत. त्या दिवशी तिला कारखान्याची सुट्टी होती आणि ती बाहेर वाढायच्या तयारीत होती. सासूला खुर्चीपर्यंत पोचवताना तिनं बजावलं, "आत्याबाई, आमी सगळ्या बाहेर हाय. तुमी एकट्या तरी हितनं हलू नका. छत पडलं तरी." कुशाबाईनं मोरगावच्या गणपतीची शपथ घेतली.

आणि मग ती बसली. काय सांगू, मी नांगराला जुंपलेलं खोंड पाहिलंय, पण इतकी तडफड नाही. भाषण सुरू, हिचे पाय सुरू. पुढच्या रांगेतल्या पंख्याचं बटण कुणी दाबत नाही, ही अर्धी उठली, पुन्हा बसली. ओडिशाच्या एका बाईनं रिकामी बाटली हलवून पाहिली, ही पुन्हा अर्धी उठली. बाहेरून खिरीचा वास आला तेव्हा तिनं नाक असं वर केलं की मला वाटलं, गेली आता. वेलची कमी पडली असावी. तेवढ्यात तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदराचं टोक ओढलं आणि खुर्चीच्या हाताला करकचून गाठ मारली. मी दारातून पाहिलं. तिनं मला पाहिलं. डोळ्यांनीच दटावलं, बोलायचं नाही.

दुपार चढली आणि व्यासपीठावर कुजबुज सुरू झाली. अध्यक्षा भोपाळकडच्या, करारी बाई. त्यांनी माइकवर सांगितलं की उत्तरेकडच्या बऱ्याच जणींना दौंडहून गाडी धरायची आहे, तेव्हा मतदान आताच, जेवणाआधी उरकू. नियमाप्रमाणं दारं बंद करा. मला खूण झाली. मी आतून कडी घातली.

बाहेर मांडवात आमच्या दोन्ही तालुक्यांच्या मत असलेल्या बायका ताटं मांडत होत्या. कुणाच्या हातात पळी, कुणाच्या हातात भाकऱ्यांची टोपली. आत शेकड्यांनी बायका, पण आमच्या बाजूच्या खुर्च्यांवर नुसत्या पिशव्या. त्या पिशव्यांच्या मधोमध खुर्चीला बांधलेली एकटी कुशाबाई. तिनं मान वळवून त्या खुर्च्या पाहिल्या. मग बंद दार पाहिलं. गोरी नाही बाई, पण तिचा चेहरा उतरलेला मला तेवढ्या लांबून दिसला. वाढपी नको म्हणणारी कोण होती? हीच.

दुरुस्ती वाचून झाली. दुरुस्तीच्या बाजूच्यांनी हात वर करावेत, असं अध्यक्षा म्हणणार, तोच कुशाबाई उभी राहिली. तिच्याबरोबर खुर्चीही उठली. पाठीमागं लोंबकळणारी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन ती मधल्या वाटेत आली तशी अख्खी सभा हसायला लागली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. तिनं गाठ सोडली नाही. खुर्ची ओढत तशीच पुढं गेली.

अध्यक्षांनी हिंदीत सांगितलं की बहन, बैठिए, मतदान चालू आहे. बाहेर राहिलेल्या बाहेरच राहतील, नियम सगळ्यांना सारखा.

"त्या बाहेर झोपल्या न्हाईत," कुशाबाई म्हणाली. "तुमच्या पानात वाढाया गेल्यात. मीच धाडल्यात त्यांना. चूक माझी हाय, तर माझं मत कापा. त्यांचं का कापता?"

हे निम्म्या सभेला कळलं नाही. सभा राजेश्वरीकडं बघायला लागली, कारण सकाळपासून व्यासपीठावर दुभाषी तीच. तिला नवं मत मिळणार होतं ते याच दुरुस्तीतून. मग तिनं माइक ओढला आणि शब्दाला शब्द सांगितलं. वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, त्याची मात्र तिला कुणी आज्ञा केली नव्हती. म्हणाली, या बायका बाहेर असताना त्यांच्या वतीनं मत द्यायला मला जमणार नाही.

हसू थांबलं. राजस्थानच्या एक आजी, नाकात एवढी मोठी नथ, उठल्या आणि म्हणाल्या की मग ते जेवण आमच्या घशाखाली उतरणार कसं? त्यांच्या मागं ओडिशाची ती बाटलीवाली उठली. मग रांगाच्या रांगा. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि माझ्याकडं हात केला. मी कडी काढली.

आमच्या बायका शिरल्या त्या जशा होत्या तशा, पिठाच्या हातांनी. रेश्मा सगळ्यांत पुढं, आणि सासूच्या पाठीमागं खुर्ची पाहून जागच्या जागी थबकली. मतदान झालं तेव्हा काही जणींनी हाताबरोबर पळ्याही वर केल्या. मोजणारीनं त्या वगळून हात मोजले आणि दुरुस्ती पडली. गावशाखांची मतं राहिली.

इकडं खिरीपाशी कुणीच नव्हतं, ती बुडाला चांगली लागली. पाहुण्यांनी ती करपट खीर मागून मागून खाल्ली आणि इकडची हीच पद्धत असेल म्हणून कृतीही विचारून घेतली. आमच्या बायकांनी सांगितलीसुद्धा. आता देशात कुठं कुठं खीर करपत असेल देव जाणे.

संध्याकाळी जाता जाता घटनेत एक नवीन कलम मात्र घातलं गेलं. अधिवेशनात मत असलेल्या बाईनं वाढायचं नाही, पंगती मत नसलेल्यांनी सांभाळायच्या. म्हणजे कुणी, ते आम्ही बिल्लेवाले म्हातारे ताबडतोब समजलो.

पुढच्याच महिन्यात कळसला दिग्विजयचं, म्हणजे सरपंचांच्या पुतण्याचं लग्न निघालं. बायकांची पंगत शेवटी, हा आमचा रिवाज. कुशाबाई पहिल्या पंगतीला, माझ्याच टेबलाशी जाऊन बसली. शेजारी रेश्माला बसवलं. वाढायला उठला कोण, तर सावळाराम, आमटीची बादली घेऊन. पारावरून त्याला कुणी उठवलं, हे मी अजून शोधतोय.

पण बाईचा जीव थाऱ्यावर कुठला? घास हातात, नजर मांडवभर. "आवं, त्या टोकाला भाकरी न्हाय पोचली."

"पोचंल," सावळाराम म्हणाला. "तू जेव."

माझी नजर वाईट. मी चमचा पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकलो. पदराची गाठ टेबलाच्या पायाला होती. तेवढ्यात पलीकडं कुणीतरी पाणी मागितलं आणि आमच्या टेबलावरचे सगळे पेले एकदम हलले.