कॅस्मिरचा साक्षीदार

वसईचा कॅस्मिर दुबईतल्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर होता. १९९८च्या उन्हाळ्यात चादरींच्या गरम रोलरमध्ये हैदराबादच्या हमीदचा हात सापडला. मॅनेजर म्हणाला, "बर्फ लावा. आधी बँक्वेटचं लिनन निघू दे." कॅस्मिरने हॉटेलची व्हॅन काढली आणि हमीदला हॉस्पिटलात नेलं. हमीदची बोटं वाचली, कॅस्मिरची नोकरी गेली. ड्युटी सोडली, न विचारता गाडी नेली, असा ठपका आला.

त्याच्या बायकोचा, ॲनाचा, भाऊ फ्रेडी टोरांटोत होता. फ्रेडीची नोकरी गेली होती तेव्हा तिथलं सरकार त्याला चेक पाठवत होतं.

"इथेही काहीतरी असेल ना?" ॲना म्हणाली. "इतकी वर्षं राबलास."

लेबर ऑफिसबाहेर बदरुद्दीन लोकांचे अर्ज अरबीत टाइप करून द्यायचा. कॅस्मिरने त्याला तेच विचारलं.

"बेकारी भत्ता? भाई, यहाँ नौकरी गई तो वीजा भी गया. ग्रॅच्युइटी मिल सकती है. पर कंपनी ने गलती साबित की, तो वो भी खलास. कोई गवाह है?"

"है," कॅस्मिर म्हणाला. हमीदने त्याला शब्द दिला होता.

सुनावणीला हमीद कंपनीच्या गाडीतून आला. अधिकाऱ्यासमोर म्हणाला, जखम किरकोळ होती, नको म्हणत असतानाही कॅस्मिरने ओढून नेलं. बोलताना त्याचा भाजलेला हात पँटच्या खिशात होता.

"याला काही विचारायचंय?" अधिकाऱ्याने कॅस्मिरला विचारलं.

हात बाहेर काढ, एवढंच म्हणायचं होतं. हमीद सारखा कंपनीच्या माणसाकडे बघत होता.

"काही नाही," कॅस्मिर म्हणाला.

घरी ॲना कडाडली, "हात दाखव म्हणायला काय झालं होतं?"

"मग त्यालाही काढलं असतं."

"आणि आपलं काय?"

त्यांची मुलगी शेनॉन दारात उभी होती. "पपा, व्हॉट अबाउट माय स्कूल?"

ग्रॅच्युइटी बुडाली. महिन्याभरात तिघं वसईला परतले. कॅस्मिर तिथे एका शाळेची बस चालवू लागला. ॲना त्याच्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलायची.

पुढच्या रमजानात बदरुद्दीनचा फोन आला. त्या हाताने काम होत नाही म्हणून कंपनीने हमीदलाही काढलं होतं. कॅस्मिरने ॲनाला ते सांगितलं नाही. जेवायला बसला आणि ताट तसंच सारून उठला.