काढून टाकलेल्या अकरा ओळी

दादा गेला आणि आठवडाही उलटला नव्हता, तेवढ्यात ऑफिसात एक चूक त्याच्या नावावर लागली. उचगावच्या आमच्या छोट्या कंपनीतला तो सर्वांत जुना प्रोग्रामर. नात्यातला नव्हे, पण काम त्याच्या हाताखाली शिकलो म्हणून मी त्याला दादा म्हणायचो.

आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवतो. दूध ओतलं की वजन आणि फॅट पडद्यावर दिसतं. सकाळीच शिरोळकडच्या एका केंद्राच्या सेक्रेटरीचा फोन आला. "पावणं, तुमचं यंत्र झोपतंय आन् उठल्यावर निस्तं वजन दाखवतंय, फॅट न्हाय. हितं बायका किटल्या घिऊन रांगंत हायत. मी काय जिभेनं फॅट सांगू व्हय?"

मालक म्हणाले, "त्यानंच अर्धवट ठेवलंय ते. गेला बिचारा, आता कुणाला विचारायचं?"

त्या 'बिचारा'चा मला संताप आला.

बॅटरी वाचावी म्हणून एक किटली मोजून दुसरी येईपर्यंत आमचं यंत्र झोपतं. फॅट मोजणारा भाग मुख्य बोर्डाला दोन तारांनी जोडलेला असतो. अशा तारांना बस म्हणतात आणि त्यांवरची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर. झोपेत बसची वीज तुटते आणि तिची सगळी सेटिंग पुसली जाते. म्हणून झोपण्याआधी ती टिपून ठेवायची आणि जाग आली की पुन्हा भरायची. दादानं एवढं लिहिलं नसेल, हे मला पटेना.

कुणी कोणती ओळ कधी बदलली याची नोंद आमच्याकडे राहते. मी ती काढून बसलो. दादानं लिहिलं होतं. अकरा ओळी, आणि वर त्याची टीप: 'टेबलावर नको, बॅटरीवर तपासा.' त्या ओळी खोडणाऱ्याचं नाव माझं होतं. कारण म्हणून मी दोनच शब्द लिहिले होते: 'गरज नाही.'

मी यंत्र टेबलावर तपासलं होतं, अडॅप्टर लावून. अडॅप्टर असला की बसची वीज तुटतच नाही, मग ती विसरणार काय? बॅटरी पलीकडच्या खोलीत होती. मी उठलो नाही. दादा तेव्हा दवाखान्यात होता. त्याला एक फोन करता आला असता. तोही केला नाही.

मालकांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "राहू दे की त्याच्या नावावर. त्याला आता काय फरक पडतोय? तुझ्या हातची यंत्रं अजून विकायची हायत मला."

मी जागेवर परतलो. ओळी परत घातल्या, या वेळी बॅटरीवर दिवसभर यंत्र झोपवलं, उठवलं आणि शिरोळला नवा प्रोग्राम पाठवला. फॅट दिसू लागलं. चूक मात्र दादाच्याच नावावर राहिली.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी कबनूरला वहिनींकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, ती चूक दादाची नव्हती. माझी होती."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "कवा कळलं तुमाला?"

"तेराव्याच्या आधी."

"आधी?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "भावजी, तेराव्याला तुमचे मालक हितं, ह्या सोप्यात बसून सांगत हुते, शेवटी शेवटी ह्यांचं डोस्कं चालत नव्हतं म्हणून. चारचौघांत. माझ्या सासऱ्यांच्या म्होरं. तुमी पंगतीत हुता की! मान खाली घालून जेवत हुता."

मला मालकांचा राग आला होता, तो मी इतके दिवस जपून आणला होता. त्या घरात तो दाखवायची माझी लायकी नव्हती.

"वहिनी, मी उद्या ऑफिसात सगळ्यांना—"

"उद्या न्हाय." त्यांनी आतल्या खोलीतून सासऱ्यांना हाक मारली. ते येऊन खुर्चीत बसेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. "आता लावा फोन मालकांना. मामंजींच्या म्होरं."

मी लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. पलीकडून "बोल की रं," आलं, तेव्हा मी नमस्कारही न करता म्हणालो, "त्या अकरा ओळी मी खोडल्या होत्या, दादानं नव्हे."