सासूबाईंनी आज पहिल्यांदाच सांगितलं

मैत्रिणींनो, गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात माझं बाळ गेलं, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. तेव्हापासून डोक्यात एकच चालू असतं. पनवेलहून ऑफिसला रोज धक्के खात गेले नसते तर?

कुणी ना कुणी मेसेज करतंच, "पॉझिटिव्ह विचार कर." वाचून मी फोन पालथा ठेवते.

आज दुपारी सासूबाई बेलपाड्याहून आल्या. मी ताटासमोर नुसतीच बसले होते. त्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माजी पन पयली पोर पोटातच गेली. तुज्या नवऱ्याला पन म्हाईत नाय. मी मिठागरावर कामाला जायची ना, म्हनून जल्मभर सवताला दोस दिला. पोर काय परत आली नाय. तू नको असं करू, बाय."

आम्ही दोघी खूप रडलो. मग त्यांनी वरणभात कालवून दिला. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

दुःख तेवढंच आहे. पण "माझ्यामुळेच झालं" हा विचार आजपासून सोडायचा प्रयत्न करणार आहे. तुमच्यापैकी कुणाला तो सोडता आलाय का? कसा सोडलात, सांगाल?